किडनीचा आजार असलेल्या लेकरांचा खाऊ: आया-आज्यांनी विचारलेले प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. माहेर औसा तालुक्यातलं, काम लातूरला. ओपीडीत समोर बसलेल्या आया आणि त्यांच्याहून जास्त प्रश्न विचारणाऱ्या आज्या काय विचारतात ते मी एका वहीत लिहून ठेवते. शनिवारी दुपारी घरच्या ओट्यावर त्यातलं एखादं कोडं घेऊन पदार्थ करून बघते. परीक्षक ही लेकरंच, आणि ती भीड ठेवत नाहीत. खालची उत्तरं त्या वहीतून आणि त्या ओट्यावरून आलेली आहेत. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या लेकराचं नेमकं प्रमाण त्याचा ताजा रिपोर्ट बघून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

किडनीचा आजार म्हटल्यावर मीठ, फळं, डाळी सगळं बंदच ना?

नाही. आणि ‘सगळं बंद’ हाच सगळ्यात नुकसान करणारा सल्ला आहे.

एक कुटुंब माझ्याकडे एक झेरॉक्स घेऊन आलं होतं. कुठल्याशा दवाखान्यात मिळालेली, मोठ्या माणसांसाठी छापलेली. ‘टाळा’च्या रकान्यात चाळीसेक पदार्थ आणि ‘खा’च्या रकान्यात क्रॅनबेरी, ब्लूबेरी. उदगीरच्या बाजारात क्रॅनबेरी कुठून आणायची? आईनं मग सोपा मार्ग काढला: चार महिने वरणाचं पाणी आणि भात. सात वर्षांच्या पोराचं वजन दोन किलोनं उतरलं होतं.

म्हणून मी आधी उलटा प्रश्न विचारते. आजार नेमका कोणता? रक्तात पोटॅशियम किती, फॉस्फरस किती? बीपी किती? दिवसाला लघवी किती होते? नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीतून प्रथिनं वाहून जातात, अंगावर सूज येते. तिथं मीठ आवरायचं, पण पोटॅशियमची भीती बहुतेक वेळा नसते. डायलिसिसवरच्या लेकराला मीठ, पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस चारही बघावे लागतात. तिसराही प्रकार आहे, आणि तो लोकांना पटत नाही. जन्मतःच लघवीच्या मार्गात झडप असलेली किंवा किडनी नीट न घडलेली काही लेकरं दिवसभर भरपूर लघवी करतात आणि मीठही त्यातूनच गमावतात. त्यांचं मीठ बंद केलं तर वाढ खुंटते. काहींना तर डॉक्टर वरून मीठ लिहून देतात. शेजारच्या गल्लीतल्या पेशंटचा तक्ता आपल्या लेकराला लावू नका, एवढंच यातून घ्या.

डाळ, अंडं, दूध कमी करायचं का? प्रथिनांनी किडनीवर ताण येतो म्हणतात.

मोठ्या माणसांत प्रथिनं मोजूनमापून कमी करतात, ते खरं. लेकराला उंची वाढवायची असते. त्याच्या वयाला लागतात तेवढी प्रथिनं त्याला मिळालीच पाहिजेत. डायलिसिसमध्ये काही प्रथिनं बाहेर जातात, म्हणून तिथं थोडी जास्तच लागतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे पोटात पाणी भरून करतात त्यात, तर आणखी.

खटका असतो तो प्रथिनांबरोबर येणाऱ्या फॉस्फरसचा. चालत असेल त्या घरात अंड्याचा पांढरा भाग ही सोन्यासारखी गोष्ट आहे: एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. तो सगळा पिवळ्यात असतो. उकडलेला पांढरा भाग किसून, कांदा-कोथिंबीर घालून धिरड्यात ढकलला तर लेकरांना पत्ताही लागत नाही. शाकाहारी घरात डाळ आणि दही मोजून. डाळींतला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि आपल्या आतड्याला तो पुरता शोषता येत नाही, त्यामुळे कागदावर दिसतो तेवढा तो अंगी लागत नाही. आधीची ‘डाळ विष’ ही भीती आता बरीच सैल झाली आहे.

मॅडम, लेकरू खाईनाच गेलंय. काय करू?

हा वहीतला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे. त्यामुळे उत्तरही लांब.

आधी हे समजून घ्या की ते नखरे करत नाही. किडनी काम कमी करायला लागली की रक्तात नको ती द्रव्यं साठतात, तोंडाची चव बदलते, मळमळतं. एक मुलगी मला म्हणाली, ‘सगळ्याला चमचा चाटल्यासारखं लागतं.’ मांस-अंड्याचा, तळणीचा वास नकोसा होतो. पोटाच्या डायलिसिसवर असेल तर पोटात पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्यातून साखरही अंगात जात असते, मग भूक कुठून लागणार? वर औषधं. सात-आठ गोळ्या गिळल्यावर कुणाला जेवावंसं वाटेल?

अशा लेकराला ताट वाढून समोर बसू नका. भरलेलं ताट बघूनच त्याला दडपण येतं. दिवसातून सहा वेळा, मुठीत मावेल एवढं द्या. म्हणून मी खाऊकडे इतकं लक्ष देते. मोठ्यांच्या घरात खाऊ म्हणजे वरचं, आगाऊचं. या लेकरांची निम्मी ऊर्जा खाऊतूनच जायची असते. आणि ऊर्जा कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, त्यातून पोटॅशियम आणि युरिया दोन्ही रक्तात उतरतात. म्हणजे ‘पोटॅशियम वाढेल’ या भीतीनं उपाशी ठेवलेल्या लेकराचं पोटॅशियम उपासानंच वाढू शकतं.

वाढवायचं ते तूप, तेल, लोणी आणि साखर. ऐकायला विचित्र वाटतं, कारण बाकी सगळं जग हेच कमी करा म्हणतंय. पण एका चमचा तुपात 45 कॅलरी असतात आणि पोटॅशियम, फॉस्फरस, सोडियम नावालाही नाही. घरचं लोणी बिनमिठाचं असतं. विकतचं पिवळं लोणी खारं असतं, ते नको. करडईचं तेल आपल्याकडे घरोघरी आहेच. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर तुपाऐवजी तेल, आणि स्टिरॉइडवर असेल तर साखर जपून.

गार किंवा कोमट खाणं गरमपेक्षा चांगलं जातं, कारण वास कमी येतो. आंबट चालतं. कुरकुरीत चालतं. गिळगिळीत, फिकं, ‘आजाऱ्याचं’ दिसणारं काहीही चालत नाही. मी स्वतः केलेली तांदळाची पेज एका पोरानं हळूच माझ्याच कुंडीत ओतली होती.

इतकं करूनही महिनोनमहिने वजन हलत नसेल तर डॉक्टर नाकातून किंवा पोटातून नळीनं पोषण द्यायचं सुचवतात. आया त्या क्षणी रडतात. पण मी बघितलंय, रात्री नळीनं पोट भरलं की दिवसा ‘खा खा’ची कटकट संपते आणि काही लेकरं उलट तोंडानं चार घास जास्त खायला लागतात.

मीठ कमी केलं की चवच जाते. सैंधव चालेल का?

सैंधव म्हणजे सोडियम क्लोराइडच. पादेलोणही तेच. रंग वेगळा म्हणून हिशेब बदलत नाही. सपाट एका चमचा मिठात, म्हणजे 5 ग्रॅममध्ये, सुमारे 2,000 मिलिग्रॅम सोडियम असतं.

खरा धोका ‘लो सोडियम’ लिहिलेल्या मिठाचा आहे. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीच्या आजोबांसाठी आणलेली ती पुडी किडनीच्या नातवाच्या भाजीत पडली तर पोटॅशियम झपकन चढू शकतं. पुडीवर ‘पोटॅशियम क्लोराइड’ किंवा 508 हा आकडा दिसला की ती त्याच्यापुरती बाजूला.

चवीसाठी लसूण, जिरं, ओवा, हिंग, कढीपत्ता, मोहरीची फोडणी, आमचूर, लिंबाचे चार थेंब. आंबटपणा जिभेला फसवतो, मीठ आहेसं वाटतं. दुसरी युक्ती: शिजवताना मीठ घालूच नका. वाढल्यावर मिक्सरमधून बारीक केलेलं मीठ चिमटीनं वरून भुरभुरा. वरचं मीठ थेट जिभेला लागतं, तेवढ्याच चवीला निम्मं पुरतं.

काळा मसाला आणि येसर घरी करताना टिकावं म्हणून मूठभर मीठ घालायची पद्धत आहे. ते लक्षात न घेता आई सांगते, ‘मी तर मीठच घालत नाही.’ यंदाचा मसाला कांडताना पाव किलो बिनमिठाचा वेगळा काढून घ्या. जिभेला कमी मिठाची सवय लागायला काही आठवडे जातात. पहिला पंधरवडा रडारडीचा असतो, हे धरूनच चाला.

चुरमुरे हलके असतात. ते तर चालत असतील?

चालतात, पण एक गोम आहे. चुरमुरे फुलवण्याआधी तांदळाला मिठाचं पाणी लावतात. म्हणून कोरडे खाल्ले तरी ते खारट लागतात. भडंगात तर त्यावर आणखी मीठ. साळीच्या लाह्यांना मीठ लावत नाहीत, त्यामुळे कोरडं कुरकुरीत हवं असेल तर लाह्या घ्या. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही तशाच.

चुरमुऱ्यांचा सगळ्यात चांगला उपयोग आपल्याकडे आधीच शोधलेला आहे: सुशीला. भिजवून पिळल्यावर मीठ बरंचसं पाण्याबरोबर जातं. आम्ही शनिवारी पहिल्यांदा केला तेव्हा मीठही नाही आणि लिंबूही नाही असा केला. नऊ वर्षांच्या परीक्षकानं निकाल दिला, ‘ओला कागद.’ तिसऱ्या खेपेला जमला तो असा.

चार वाट्या चुरमुरे चाळणीत घ्या, वरून भरपूर पाणी ओता, हातानं हलवा, पुन्हा एकदा पाणी ओता आणि लगेच मुठीनं पिळा. पातेल्यात भिजत ठेवले की लगदा होतो. कढईत दोन चमचे करडईचं तेल, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या, एक मिरची, कढीपत्ता. एक लहान कांदा अगदी बारीक, गुलाबी होईपर्यंत. हळद. मग चुरमुरे, आणि आच मोठी. इथंच सगळी मेख आहे. मंद आचेवर ते वाफेत मऊ पडतात, मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतले तर कडेला जरा कुरकुरीत राहतात. डाळव्याची पूड नेहमीच्या मूठभराऐवजी दोन चमचे. शेंगदाणे अख्खे न घालता एक चमचा भरड कूट, म्हणजे प्रत्येक घासाला दाण्याची चव येते. साखर चिमूटभर. गॅस बंद करून लिंबू आणि कोथिंबीर. दोन लेकरांचं पोट भरतं.

भूक लागली की गूळ-शेंगदाणे द्यायचे, ही आमची पद्धत. ती पौष्टिकच ना?

निरोगी लेकराला यापेक्षा चांगलं काही नाही. पण रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फरस वाढलेलं असेल तर या जोडीतले दोघंही गुन्हेगार आहेत. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 200 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि शंभरावर फॉस्फरस असतो. गुळात उसाच्या रसातलं पोटॅशियम तसंच राहतं, साखर शुद्ध करताना ते निघून जातं. लोकांना हे सांगायला मला स्वतःलाच जड जातं, पण या एका आजारात पांढरी साखर गुळापेक्षा बरी.

लाह्यांचा लाडू आम्ही साखरेच्या पाकात करून बघितला. पहिला घाणा भुगा झाला, दुसरा इतका कडक की परीक्षकानं तो जमिनीवर आपटून दाखवला. पक्का एकतारी पाक, त्यात दोन चमचे तूप, वेलची, आणि गरम असतानाच ओल्या हातानं वळणं, एवढं सांभाळलं की जमतो. रिपोर्ट चांगला असेल तेव्हा गूळ-दाण्याची एखादी वडी द्यायला काहीच हरकत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी आणि शहाळं घेऊन येतो. त्यातलं काय द्यायचं?

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मराठवाड्यात आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी नेली नाही तर माणुसकी नाही असं समजतात. प्रेम समजून घ्या, पण पोटॅशियम वाढलेल्या लेकराला शहाळं देऊ नका. 100 मिलि शहाळ्याच्या पाण्यात 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे ग्लासभर पाण्यात केळ्याहून जास्त. मोसंबीच्या दोन-चार फोडी खाणं वेगळं आणि चार मोसंब्यांचा एक ग्लास रस पिणं वेगळं. रस म्हणजे चार फळांचं पोटॅशियम एका दमात आणि वर पाण्याचा कोटाही संपला.

सफरचंद, नासपती, अननस, जांभूळ ही त्यातल्या त्यात सोयीची. अर्ध्या सफरचंदात 80 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. केळं, पेरू, चिंच, चिक्कू, सीताफळ जपून. बीड-बालाघाटच्या सीताफळाचा हंगाम आला की माझ्याकडे अश्रूंचा हंगाम येतो. मग आम्ही ठरवतो: डॉक्टर हो म्हणाले तर आठवड्यातून एकदा, दोन चमचे गर, आणि त्या दिवशी बटाटा-टोमॅटो नाही.

एक फळ मात्र किडनीचा कोणताही जुना आजार असलेल्या लेकरानं चाखूही नये: कमरख. कापलं की चांदणीसारखं दिसतं ते. त्यातलं विष किडनी कमजोर असेल तर बाहेर पडत नाही, मेंदूवर जातं. उचकी लागते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

बटाट्यातलं पोटॅशियम काढता येतं म्हणतात. कसं?

सोलून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम पाण्यात उतरतं. नुसतं भिजवून फारसं साधत नाही, उकळणं महत्त्वाचं. कुकरला सालीसकट अख्खा बटाटा लावला तर सगळं आतच राहतं.

गाडी अडते ती ‘भरपूर पाणी’ आणि ‘फेकून द्या’ या दोन शब्दांवर. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आमचं लातूर. इथली बाई वाटीभर पाण्यात बटाटे शिजवते आणि तेच पाणी पुन्हा रश्श्यात घालते. तिचं चुकत नाही, ती तसंच जगत आलीये. मी सांगते, गार झाल्यावर ते पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घाला, वाया गेल्यासारखं वाटणार नाही. पालेभाज्या, गाजर, भोपळाही असेच उकळून पिळून घ्या आणि मग फोडणी द्या.

ज्वारी बंद करून मैदा-तांदूळ द्यायला सांगितलंय. भाकरी खरंच सोडायची?

तांदूळ, रवा, मैदा, साबुदाणा यांत ज्वारी-बाजरीपेक्षा पोटॅशियम आणि फॉस्फरस कमी असतो, हे खरं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोट भरतं, कॅलरी मिळते, पण प्रथिनं शून्याच्या घरात, म्हणून तेच जेवण करू नका. खिचडीत दाण्याचं कूट आणि बटाटा नेहमीसारखा घातला तर साबुदाण्याचा फायदाही जातो.

पण ज्वारीतला फॉस्फरसही पूर्ण शोषला जात नाही, आणि तिच्या तंतूनं पोट साफ राहतं. बद्धकोष्ठ झालं की शौचावाटे जाणारं पोटॅशियमही अडकतं. त्यामुळे रिपोर्ट फार बिघडलेला नसेल तर मी भाकरी बंद करत नाही. धपाट्यात अर्धी ज्वारी, अर्धं तांदळाचं पीठ, बेसन अगदी नावाला, भरपूर लसूण-ओवा-तीळ-कोथिंबीर आणि दह्याऐवजी पाण्यात मळायचं. ओल्या फडक्यावर थापताना मधलं भोक विसरू नका, त्यातून तेल खाली उतरतं. वर घरचं लोणी.

दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट एखाद्या वेळी?

लेकराला दुकानाशेजारून नेता आणि विचारता, ‘एखाद्या वेळी?’ मी समजू शकते.

पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापणं बंधनकारक आहे, तो बघा. पोटॅशियम आणि फॉस्फरस छापायचं बंधन नाही, तिथं घटकांची यादी वाचावी लागते. 338 ते 341 आणि 450 ते 452 हे आकडे म्हणजे फॉस्फेट. हा वरून घातलेला फॉस्फेट डाळीतल्यासारखा अर्धवट नाही, जवळजवळ पूर्ण शोषला जातो. काळी कोला, चीजचे काप, झटपट शेवया यांत तो सापडतो. ढोकळा, विकतचे केक यांत सोडा असतो आणि सोडा म्हणजेही सोडियम. पापड तर मीठ आणि पापडखार मिळूनच बनतो.

घरची शंकरपाळी हा माझा लाडका पर्याय आहे. मैदा, तूप, साखर, पाणी. सोडा नाही, मीठ नाही. पंधरा दिवस टिकते, खिशात मावते आणि वर्गात वाटलीसुद्धा जाते.

फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबर देतो. खाऊबरोबरही द्यायची का?

ती गोळी अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते, म्हणून ती अन्नाबरोबरच पोटात असायला हवी. खाऊत दूध, पनीर, दाणे असतील तर एखादी गोळी त्या वेळेला वाटून द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी दिली तर तिचा काहीच उपयोग नाही.

मे महिन्यात ते पाणी पाणी करतं, आणि डायलिसिसमुळे पाणी मोजून द्यायचंय.

पारा 42-43 वर आणि लेकराला दिवसाला दोन-अडीच पेले. मला या प्रश्नाला सहज उत्तर देता येत नाही.

मीठ कमी केलं की तहान आपोआप उतरते, हे पहिलं. बर्फाच्या साच्यात लिंबू-साखरेचं पाणी मोजून ओता. एका खणात साधारण 15 मिलि बसतं. तो खडा चोखायला पाच मिनिटं लागतात, घोटभर पाणी एका क्षणात संपतं. पण तो खडा पाण्याच्या हिशेबात धरायचा, आज्या तो धरत नाहीत. कलिंगड, दही, ताक, वरण हेही पाणीच. पेला लहान घ्या, भरलेला दिसतो. आणि भरपूर लघवी होणाऱ्या प्रकारातलं लेकरू असेल तर हे सगळं विसरा, त्याला पाणी कमी पडू देऊ नका.

नेफ्रोटिकच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ते दिवसभर खातंच आहे!

स्टिरॉइडची भूक. डोस कमी झाला की ओसरते. तोवर सूज असताना वरचं मीठ, पापड, लोणचं, फरसाण घरात आणूच नका. काकडी, उकडलेला मका, फोडणीच्या लाह्या, वाफवलेली मटकी अशा चावत बसायला लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवा. साखर आणि तळण आवरा. त्याला ‘हावरट’ म्हणू नका, त्याच्या हातात काही नाही.

वेळ अमावास्येला शेतात सगळे भज्जी खातात. त्याला काय?

भज्जी म्हणजे पालेभाज्या, हिरवे हरभरे, तूर, वाटाणे, शेंगा सगळं एकत्र, वर चिंच. पोटॅशियमचा मेळावाच. तरी पूर्ण नको म्हणू नका. दोन चमचे भज्जी आणि बरोबर भात, लोणी. पाण्याचा कोटा असेल तर आंबील घोटभर. हुरडा मूठभर चालवता येतो, पण त्याबरोबरची दाण्याची चटणी आणि गूळ तिथंच थांबवा. दिवाळीत चकली-शेव बाजूला, साखरेचे अनारसे आणि करंजी जवळ.

शाळेच्या डब्यात काय?

सुशीला, शंकरपाळी, लोणी लावलेला धपाटा, साखर-तुपाची पोळी गुंडाळून. वर्गशिक्षकांना एका चिठ्ठीवर तीनच ओळी लिहून द्या: काय नको, पाणी किती, लघवीला अडवू नका. शाळेतली खिचडी आवडत असेल तर थोडी खाऊ द्या. पंगतीतून उठवून वेगळं बसवलेलं लेकरू घरी येऊन जेवत नाही, हा माझा अनुभव.

प्रोटीनची पावडर, किडनी साफ करणारा काढा?

डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तीच पावडर, तीही त्यांनी सांगितलेल्या मापानं. काढा, रस, भस्म काहीही नको. आत काय आहे ते बाटलीला माहीत नसतं.

कोणत्या लक्षणांवर घरी थांबायचं नाही?

पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड, एकदम गळून जाणं, लघवी अचानक बंद होणं, दम लागणं, झटका. पोटॅशियम खूप चढलं की हृदयाचा ठोका चुकतो आणि काही वेळा आधी लक्षणही दिसत नाही, म्हणून रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही. उलट्या-जुलाब लागले तरी लगेच फोन करा, पण ओआरएस स्वतःहून पाजू नका, त्यातही पोटॅशियम असतं.

आजी चोरून लोणचं देते. तिला कसं समजवायचं?

समजावून काही होत नाही, मी करून बघितलंय. एका घरी आम्ही वेगळं केलं. त्या लेकराचं दिवसाचं मीठ, डॉक्टरांनी ठरवलेलं, सकाळी मोजून कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात भरायचं आणि तो करंडा आजीच्या ताब्यात द्यायचा. दिवसभरात कुठल्या पदार्थावर किती भुरभुरायचं ते आजी ठरवणार. करंडा संपला की संपलं. पहिल्या दिवशी तो दुपारीच रिकामा झाला आणि रात्रीचा भात नातवानं आजीकडे बघत बघत तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यात चिमूटभर शिल्लक होतं. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे सुशीला घेऊन गेले, तर आजीनं डबा उघडायच्या आधीच विचारलं, ‘चुरमुरे दोनदा धुतलेस ना?’